गरवण्यासाठी कयाक: पुण्याची धरणं, कोकणातल्या खाड्या आणि ६० हजारांचं बजेट

मुठाकाठ
मंडळी, काठावरून गरी टाकणं पुरे झालं, आता कयाक घ्यायची आहे. माहिती देतो, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील.

पाणी: जास्त करून पानशेत, मुळशी, पवना, कधीतरी उजनी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दाभोळ किंवा जयगडची खाडी. उघड्या समुद्रात जायचा विचार नाही.
मासे: गोड्या पाण्यात मरळ आणि चिलापी, खाडीत जिताडा आणि तांबोशी.
वजन ८२ किलो, उंची पाच फूट नऊ इंच. गाडी हॅचबॅक, छतावर रॅक नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, पण पार्किंगमध्ये भिंतीलगत दहा-अकरा फूट मोकळी जागा आहे. बहुतेक वेळा एकटाच असेन.
बजेट ६० हजार, त्यात सगळं आलं.

१० फुटी की १२ फुटी? हवेची चालेल का? पेडलवाली या पैशात बसते का? आणि 'क्षमता १५० किलो' लिहिलेलं असतं, त्यावर किती भरवसा ठेवायचा?

खाडीकाठ
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर बाकीचं ठरतं.

लिहिलेली क्षमता म्हणजे त्याहून जास्त भार टाकला तर कयाक धड तरंगणार नाही, एवढाच अर्थ. आरामात बसून मासे पकडायचे तर त्या आकड्याचे ६५ ते ७० टक्केच धरा. १५० लिहिलंय तर हाताशी १०० किलो. आता तुमचा हिशोब: तुम्ही ८२, कपडे-बूट २, लाइफ जॅकेट १, पाणी ३, काठ्या आणि गळाचा डबा ५, नांगर-दोरी ३, बर्फाची पेटी मासळीसकट ८. झाले १०४. म्हणजे १५० ची कयाक तुम्हाला काठावर पास करते. १७० ते १८० च्या पुढचीच बघा. खुर्ची सुटी असेल तर तिचंही वजन धरा, अॅल्युमिनियमच्या उंच खुर्च्या तीन-चार किलो भरतात.

जास्त भार झाला की सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायच्या) कयाकचं पहिलं लक्षण म्हणजे तळाच्या आरपार भोकांतून पाणी वर येऊन बसायच्या जागी साचतं. लोक मग त्या भोकांना बुचं मारतात. धरणात ते चालून जातं. खाडीच्या मुखाशी लाट आत आली की तेच पाणी बाहेर जायला वाट राहत नाही, आणि ते इकडून तिकडे डुचमळायला लागलं की कयाक झटक्यात कलंडते. बुचं जवळ असावीत, पण लाटांच्या पाण्यात काढून ठेवावीत.

सिट-इन (पाय आत घालून बसायच्या) प्रकाराचा विचारच नको. उलटली की आत शंभर लिटरच्या वर पाणी भरतं, आणि एकट्याला खोल पाण्यात ते उपसता येत नाही.

लांबीबद्दल: १० फुटी आणि १२ फुटीच्या वेगातला फरक कागदावर अर्ध्या नॉटहूनही (ताशी एक किलोमीटरहूनही) कमी आहे. खरा फरक सरळ जाण्यात पडतो. दहा फुटी रुंद कयाक प्रत्येक वल्ह्यागणिक नाक हलवते आणि ते सरळ करण्यात ताकद जाते. मुळशीला आडवा वारा असताना दोन किलोमीटर परतायचं असेल तर बारा फुटी हवीशी वाटेल. पण बारा फुटी म्हणजे ३२ ते ३८ किलो, दहा फुटी २५ ते २८. तुम्ही एकटे, हॅचबॅक आणि पार्किंगला दहा-अकरा फूट. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: १० ते साडेदहा फूट, रुंदी ३२-३३ इंच, वजन ३० किलोच्या आत.

हवाबंद
+१ वजनाच्या मुद्द्याला. म्हणूनच म्हणतो, हवेचीच घ्या. १५ ते १८ किलो, डिकीत मावते, लिफ्टमधून घरी जाते, रॅकचा खर्च वाचतो. धरणासाठी पुरेशी आहे.

फक्त 'हवेची' म्हटल्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक साधी नळ्यांची, तिच्यात जेमतेम १ पीएसआय हवा असते. दुसरी ड्रॉप-स्टिच तळाची: आत हजारो धाग्यांनी वरचा-खालचा थर बांधलेला असतो, त्यामुळे तळ ७ ते १० पीएसआय सोसतो आणि फळीसारखा कडक होतो. पहिल्या प्रकारात तुम्ही बसाल तिथे खड्डा पडतो, कयाक केळ्यासारखी वाकते. गरवायला दुसऱ्या प्रकारचीच घ्या आणि तळाला बसवायचं पातं (स्केग) सोबत आहे का ते बघा. ते नसेल तर सरळ जाणारच नाही.

काळजी: सकाळी थंडीत पूर्ण दाबाने भरली आणि दुपारी काठावर उन्हात ठेवली तर आतली हवा फुगून शिवणी उसवतात. पाण्यातून काढल्याबरोबर थोडी हवा सोडायची. घडी घालण्याआधी पूर्ण वाळवायची, विशेषतः नळ्या आणि तळाच्या मधली खाच, नाहीतर काळी बुरशी धरते आणि वास जात नाही.

जयगडचो बाबू
हवाबंद, धरणापुरतं ठीक. खाडीत ही वस्तू आणू नका. आमच्याकडे खडकाला, जेटीच्या खांबांना, तिवरांच्या मुळांना सगळीकडे कालवं लागलेली असतात. ओहोटीला ती पाण्याच्या जेमतेम खाली राहतात आणि दिसत नाहीत. पीव्हीसीवर एक घासणी पुरते. आणि शिंगाळा मांडीवर घेऊन गरी सोडवताना त्याचा काटा नळीत गेला तर काय करणार? एक कप्पा गेला तरी तरंगता येईल, पण वारा आणि ओढ दोन्ही असताना अर्धी लोळलेली कयाक वल्हवून दाखवा.

दुसरं, ती पाण्यावर उंच बसते आणि हलकी असते. वारा नेईल तिकडे जाते.

हवाबंद
मान्य, खाडीला नको. धागाकर्त्याचं नव्वद टक्के पाणी धरणाचं आहे म्हणून सुचवलं.

उजनीकर
धरण म्हणजे सुरक्षित असं समजून चाललेलं दिसतंय. ते पानशेतच्या अरुंद फाट्यांत ठीक. उजनी वेगळी. पाणी मैलोन् मैल मोकळं, वाऱ्याला अडवायला डोंगर नाही, आणि खोली कमी असल्याने लाट आखूड आणि उभी उठते. मे महिन्यात वळवाच्या आधी वारा मिनिटांत येतो. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटून सहा जण गेले. ती मोटारबोट होती, कयाक नव्हे.

नियम सोपा ठेवा: पाण्यावर जागोजाग पांढऱ्या शेंड्या दिसायला लागल्या की वारा दहा नॉटच्या आसपास पोचला. तेव्हा काठाला लागायचं, 'अजून एक टाका' नाही. एप्रिल-मे मध्ये सकाळी दहानंतर मोकळ्या पाण्यात राहूच नका. आणि जाताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमलेलं अंग परतताना वाऱ्यासोबत येईल.

कयाक निवडताना याचा अर्थ: कडा फार उंच नकोत. दुकानात उंच कडा पाहून 'पाणी आत येणार नाही' असं वाटतं, वाऱ्यात त्याच कडा शिडासारखं काम करतात.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. जानेवारीत जिथून कयाक सोडली तिथे मेमध्ये पाणी अर्धा किलोमीटर मागे गेलेलं असतं आणि मधे गाळ. वरून भेगाळलेला, सुका दिसतो, खाली मांडीभर. तिथे २८ किलो आणि ३८ किलोतला फरक कळतो. गाळात ट्रॉलीची चाकं रुततात, तेव्हा कयाक पुढे ढकलायची आणि तिच्यावर हात टेकून चालायचं. म्हणजे पाय रुतला तरी धरायला काहीतरी राहतं.

परवानगीचं: जलाशयातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे. गावात जाऊन संस्थेच्या माणसाला विचारा, पावती करायला सांगितली तर करा. त्याच माणसाकडून जाळी कुठे लावलीत तेही कळतं. थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे, त्यावरून लूअर (नकली आमिष) ओढू नका. भिंतीच्या आणि सांडव्याच्या जवळ जायचं नाही हे सांगायला नको. खडकवासल्याला एनडीएच्या बाजूच्या काठापासून लांब राहायचं. कोयनेच्या शिवसागराचा मोठा भाग अभयारण्यात आहे, तिकडे वन खात्याला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

तळेगावचा पाहुणा
वाचनखूण साठवली. मध्येच एक विचारतो, उभं राहून टाकायला किती रुंदी लागते? मरळीला उभ्याने बेडूक-लूअर टाकायचा असतो, बसून पाणवनस्पतीत फट दिसत नाही.

खाडीकाठ
३४ इंच आणि तळ जोड-नळीसारखा, म्हणजे मध्ये खोबण आणि दोन्हीकडे फुगीर. अशी कयाक पाण्यात ठेवल्याबरोबर घट्ट वाटते, पण संथ चालते. व्ही आकाराच्या तळाची सुरुवातीला डुगडुगते आणि कलल्यावर एका ठिकाणी धरून ठेवते. लाटांत ही दुसरी चांगली, कारण सपाट तळ लाटेचा उतार जसाच्या तसा घेतो. मरळ हेच मुख्य लक्ष्य असेल तर पहिली घ्या. खुर्ची दोन उंचीची असेल तर प्रवासात खालची खाच वापरायची. खुर्ची चार बोटं वर गेली तरी ३२ इंची कयाकचा स्वभाव बदलतो.

उभं राहण्याआधी एक: पुढच्या कडीला दोरी बांधून तिचं टोक हाताशी ठेवा. उठताना ती ओढून उठायचं, कडेला हात टेकवून नाही.

चोणक_चापोरा
गोव्यातून लिहितोय, पण खाड्यांचं गणित दाभोळला वेगळं नाही, फक्त तुमच्याकडे पाण्याची चढ-उतार जास्त. गोव्यात उधाणाला फरक साधारण दोन मीटर, मुंबईला चार मीटरच्या वर, जयगड-दाभोळ मधे कुठेतरी. जेवढा फरक तेवढी ओढ.

पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. फरकाचे बारा भाग करा: पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात अर्धं पाणी सरकतं. त्या दोन तासांत खाडीच्या अरुंद भागात दोन नॉटची ओढ सहज मिळते. दोन नॉट म्हणजे ताशी ३.७ किलोमीटर. दहा फुटी कयाक आरामात वल्हवली तर ताशी चार-साडेचार. वजाबाकी करा. घाम गाळून तुम्ही जागेवरच.

म्हणून भरतीबरोबर आत जायचं, पाणी थांबेल तेव्हा गरवायचं, ओहोटीबरोबर परत. जिताडा आणि तांबोशी (आमच्याकडे चोणक आणि तामसो) पाणी वळतानाच्या तासाभरात चांगले लागतात, त्यामुळे सोयीचंच पडतं. नवख्यांनी भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत, अष्टमीच्या आसपास जावं, ओढ निम्म्यावर येते. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण नंतर.

जयगडचो बाबू
वेळेसाठी जुना हिशोब: तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. तेव्हा भरती पूर्ण, दुसरी साधारण साडेबारा तासांनी. सुकती (पूर्ण ओहोटी) त्यानंतर सव्वासहा तासांनी. मुंबईपासून आमच्यापर्यंत अंदाजाला पुरतं, दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच बघा.

वाऱ्याचं दाभोळला काय, जयगडला काय, सारखंच. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे. अकरा-बारानंतर खारा वारा समुद्राकडून येतो आणि फेब्रुवारीपासून तो जोर धरतो. दुपारी ओहोटी आणि खारा वारा एकमेकांसमोर आले की मुखाजवळ लाट उभी राहते. सकाळी आरसा असलेलं पाणी तेच असतं, पण ओळखू येत नाही. त्यामुळे दुपारची ओहोटी असेल त्या दिवशी मुखापासून दोन-तीन किलोमीटर आतच राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कयाकच्या जाहिरातीत नसतं. डोलीचे खुंट. खाडीच्या मुखाशी ओढीत डोल जाळी लावतात, दोरखंड पाण्याच्या वर-खाली ताणलेले असतात. ओढीने कयाक आडवी होऊन त्या दोरखंडावर अडकली की पाणी वरच्या कडेवर चढतं आणि दोन सेकंदांत उलटते. आणि तुम्ही जाळ्याच्या तोंडात. खुंटांच्या ओढीच्या वरच्या बाजूला जायचंच नाही, कितीही मासळी असो. खुंटाला कयाक बांधूक नको. दिसायला सोयीचो दिसता, पण ता कोणाचातरी पोटाचो खुंट.

सांगलीकर_वल्हे
मगरींचा विषय कोणी काढला नाही. चिपळूणजवळ वाशिष्ठीत, महाडला सावित्रीत, आमच्या सांगलीला कृष्णेत आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. दाभोळ खाडीतून वर चिपळूणकडे जात राहिलात की त्यांच्याच घरात जाता. हात-पाय पाण्यात सोडून बसायचं नाही, पकडलेली मासळी दोरीला लावून बाजूला लटकवायची नाही, पेटीत ठेवायची. फेब्रुवारी ते जून त्यांचा अंडी-पिलांचा काळ, तेव्हा वाळूच्या काठाला लागू नका. हवेची कयाक अशा पाण्यात नको, हे वेगळं लिहायला नको.

वाशिष्ठीची आणखी एक खोड: कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी कोळकेवाडीमार्गे तिच्यात येतं. वरच्या भागात पाऊस नसतानाही पाणी चढतं आणि ओढ वाढते. काठावर कयाक बांधून जेवायला जाल तर ती उंच ओढून ठेवा.

मुठाकाठ
धन्यवाद, डोळ्यांवरची झापडं निघाली. मग पैशांची विभागणी कशी करू? आणि पेडलचं राहिलं.

खाडीकाठ
विभागणी (ठोकळ, दुकानागणिक इकडेतिकडे):

लाइफ जॅकेट ३ ते ४ हजार. वल्हं ४ ते ५. रॅक आणि पट्टे ५ ते ६. ट्रॉली ३. नांगर-दोरीचा संच २. शिट्टी, डोक्याचा दिवा, पाणीबंद पिशवी दीड. झाले वीस. कयाकला ४० राहतात, आणि त्यातून ट्रान्सपोर्टचं भाडं जाईल, कारण दहा फुटी वस्तू कुरियरने येत नाही, ट्रान्सपोर्टच्या गोदामातून आपण उचलायची असते. भारतात रोटोमोल्डिंगने (साचा फिरवून) तयार होणाऱ्या साध्या सिट-ऑन-टॉप या रकमेत बसतात. 'अँग्लर' छाप आयात कयाक याच्या पुढे सुरू होतात.

यातलं वल्ह्याचं कमी करू नका. कयाकसोबत फुकट येणारं अॅल्युमिनियमचं वल्हं सव्वा किलोच्या घरात असतं. फायबरग्लासचं नऊशे ग्रॅम. तीन-चारशे ग्रॅम दिवसभरात हजारो वेळा खांद्यावरून फिरवायचे आहेत. लांबी कयाकच्या रुंदीवर: ३० ते ३२ इंचाला २३० ते २४० सेंटिमीटर, ३४ च्या पुढे २५०, उंच खुर्ची असेल तर आणखी दहा. आखूड वल्ह्याने दर वेळी कडेला बोटं आपटतात.

लाइफ जॅकेट: नुसतं '१०० किलोपर्यंत' असं छापलेलं घेऊ नका, न्यूटन (तरंगवण्याची ताकद) बघा. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना. खाडीला एकटे जाणार असाल तर ७० ते १०० न्यूटन. पाठीचा फोम वरच्या अर्ध्या भागात असावा, नाहीतर खुर्चीच्या पाठीला टेकून जॅकेट हनुवटीखाली सरकतं आणि मग माणूस ते काढून मागे ठेवतो. मागे ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग शून्य.

पेडलपंप
पेडल: होबीने १९९७ मध्ये पंखांचा मिराज ड्राइव्ह आणला, पंख्याच्या पात्याचे इतरांचे नंतर आले. हात मोकळे राहतात, ओढीत जागा धरून गरवता येतं, पात्यावाल्यात उलटं पेडल मारलं की मागे जाता येतं. पण ६० हजारांत नवी विसरा, लाखाच्या पुढचा खेळ आहे. आणि तुमच्या पाण्याला खरंच हवी का? ड्राइव्हला खाली फूटभर-दीड फूट पाणी लागतं. गाळाच्या उथळ खाजणात आणि जलपर्णीत पातं गुंडाळलं जातं, ते दर दहा मिनिटांनी उचलून साफ करायचं. वजन दहा किलोने वाढतं. खाऱ्या पाण्यानंतर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस, नाहीतर बेअरिंग कराकरा वाजायला लागतं.

इलेक्ट्रिक मोटर लावायचा मोह होईल. मोटर लावली की ती यांत्रिक बोट. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी वगैरे आलं, आणि धरणावर वल्ह्याकडे दुर्लक्ष करणारा चौकीदार मोटर बघून थांबवतो.

तळेगावचा पाहुणा
जुनी घेतली तर? ४० हजारांत बरी जुनी मिळत असेल तर नवीपेक्षा...

जयगडचो बाबू
जुनी वाईट नाही, पॉलिथिलिन कयाक वर्षानुवर्षं टिकते, उन्हात पडून राहिली नसेल तर. बघायचं कसं:

उलटी करा. मागच्या टोकाची कणी (तळाची धार) बघा, ओढून-ओढून तिथलं प्लास्टिक कागदासारखं पातळ होतं. अंगठ्याने दाबल्यावर दबलं तर सोडा. मग आरपार भोकांच्या नळ्या आतून टॉर्च लावून बघा, नळी आणि तळ जिथे जुळतात तिथे केसासारखी चीर असते. भोकांत दांडे घालायच्या ट्रॉलीवर ठेवणाऱ्यांच्या कयाक तिथेच फुटतात. म्हणून ट्रॉली पट्ट्याची घ्या, दांड्याची नको.

रंग फिका आणि पृष्ठभाग खडूसारखा हाताला लागत असेल तर ऊन खाल्लेली आहे, ठिसूळ होणार.

गळती बघायला पाण्यात न्यायची गरज नाही. झाकणातून दोन बादल्या पाणी आत ओता, या टोकापासून त्या टोकापर्यंत कलवा आणि बाहेरून कोरडं फडकं फिरवा. काठी-धारकाचे आणि कड्यांचे स्क्रू विसरू नका, निम्मी गळती तिथून होते. नुसते स्क्रू मारलेले असतील तर काढून रबरी वॉशर आणि मरीन सीलंट लावून बसवा, ३१६ स्टीलचे.

चीर असेल तर विक्रेता म्हणेल एम-सील लावून टाका. पॉलिथिलिनला एम-सील चिकटत नाही, दोन फेऱ्यांत पापुद्रा सुटतो. त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी घेऊन गरम हवेने वेल्डिंग करावं लागतं. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे कारागीर हे काम करतात. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही.

चोणक_चापोरा
नांगरावर दोन ओळी, कारण कयाकवरचे बरेच अपघात इथे होतात. दीड किलोचा घडीचा चार पंजी नांगर, मीटरभर साखळी, ६ मिलिमीटर दोरी. स्थिर पाण्यात खोलीच्या तिप्पट दोरी, ओढीत पाचपट. दोरी कधीही मधल्या कडीला बांधायची नाही. ओढीत कयाक आडवी झाली आणि दोरी मध्यावर असली तर वरची कड पाण्याखाली ओढली जाते. बाजूने पुढून मागे जाणारी फिरती दोरी, दोन टोकांना कप्पी, म्हणजे बसल्या जागेवरून नांगर टोकाला नेता येतो. दोरीला हुकवर एक लहान बोया ठेवा. नांगर अडकला किंवा बोट अंगावर आली तर हुक सोडायचा, बोया तरंगत राहतो, नंतर येऊन घ्यायचा.

खाजणातल्या चिखलात पंजी नांगर घसरतो. तिथे आठ-नऊ फुटी बांबूचा खुंटा पुरतो. दोन नॉटच्या ओढीत मात्र नांगर टाकूच नका, काठाच्या आडोशाला जा.

रंगाबद्दल कोणी विचारलं नाही, तरी: नारिंगी किंवा पिवळी. हिरवी-करडी 'कॅमो' मासळीला फसवत नाही, मचव्यावाल्याला फसवते. तो उंचावर बसून सूर्याकडे तोंड करून येत असतो.

उजनीकर
आणि खरेदीनंतर पहिलं काम: कमरेभर पाण्यात मुद्दाम उलटवून परत चढणं. पोट, बूड, पाय या क्रमाने. कयाक सरळ करा, मधोमध पोटावर चढा, वळून बूड खुर्चीत टाका, शेवटी पाय आत. गुडघा आधी टाकला की परत उलटते. जमेपर्यंत खोल पाण्यात जायचं नाही. काठ्यांना आणि वल्ह्याला दोरी बांधलेली असू द्या. खाडीत मोबाइल पाणीबंद पाकिटात अंगावर ठेवा, पेटीत नाही. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आधीच साठवून ठेवा.

मुठाकाठ
ठरवलं: साडेदहा फूट, ३३ इंच, क्षमता १८० च्या आसपास, नारिंगी. जुनी मिळाली तर बादलीची परीक्षा घेऊन. शेवटचा प्रश्न, हॅचबॅकच्या छतावर एकट्याने चढवायची कशी?

खाडीकाठ
आधी गाडीच्या पुस्तिकेत छताची मर्यादा बघा. बऱ्याच हॅचबॅकना ती ५० किलोच्या आसपास असते, आणि त्यात रॅकचं वजनही धरलेलं असतं. २८ ची कयाक आणि पाच-सहाचा रॅक, जमतं. दोन्ही दांड्यांत किमान ७५ सेंटिमीटर अंतर हवं.

डिकीच्या काचेवर मागच्या कडेला रबरी पायपुसणं टाका. कयाक जमिनीवर गाडीच्या मागे, पुढचं टोक उचलून पायपुसण्यावर टेकवा, मग मागचं टोक उचलून ढकला. एका वेळी निम्म्याहून जास्त वजन हातात येत नाही. उलटी ठेवा, तळ वर.

पट्टे साध्या कॅम बकलचे, २५ मिलिमीटर. ट्रकवाल्यांचा रॅचेट नको. त्याने किती ताण दिला ते कळत नाही, आणि उन्हात मऊ झालेल्या प्लास्टिकला कायमचा पोचा पडतो. साधा पोचा पडला तर उन्हात उलटी ठेवून बघा, बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतो. पुढच्या टोकापासून बॉनेटच्या कडीपर्यंत एक दोरी हवीच, घाटात समोरून ट्रक गेला की तो वारा नाक उचलतो. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून पट्टे तपासा. आणि प्रत्येक पट्ट्याला छतावरच्या मोकळ्या भागात एक पीळ द्या, नाहीतर साठच्या पुढे तो इतका घोंघावतो की ताम्हिणी उतरेपर्यंत डोकं उठतं.

मुठाकाठ
पार्किंगमध्ये भिंतीला टांगून ठेवली तर चालेल ना?

जयगडचो बाबू
टांगा, पण टोकांच्या कड्यांना नाही, मधे वाकते. दोन रुंद पट्टे, दोन्ही टोकांपासून पाव-पाव लांबीवर, कयाक कुशीवर. ऊन येत असेल तर ताडपत्री. झाकण सैल ठेवा, आतली दमट हवा निघून जाते, आणि मुंगळे घर करू नयेत म्हणून तोंडाला जाळीचं फडकं बांधा. कुलपाची तार आरपार भोकातून ओवून घ्या.